वर्षाखेरीचा अहवाल कसा वाचावा? विद्यापीठं आणि दिव्यांग विद्यार्थी

मागच्या भागात आपण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल बोललो. आज विषय थोडा कोरडा वाटेल, पण तो अनेक घरांमधल्या मोठ्या निर्णयाशी जोडलेला आहे.

३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. १९९२पासून तो पाळला जातो. त्यामुळे डिसेंबर उजाडला की विद्यापीठांमधले दिव्यांग अभ्यास विभाग, समान संधी कक्ष, समाजकार्याच्या संस्था आपल्या वर्षभराच्या कामाचा आढावा काढतात. किती कार्यशाळा झाल्या, किती उपकरणं वाटली, कुठे रॅम्प बांधला, कोण पाहुणे आले. मी हे अहवाल बरीच वर्षं वाचते आहे. वाचते म्हणजे ऐकते. मला दिसत नाही. संगणकातला स्क्रीन रीडर मला मजकूर बोलून दाखवतो.

या मालिकेमुळे मला पालकांचे फोन येतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मुलगी बारावी झाली, व्हीलचेअर वापरते, कोणत्या कॉलेजात घालू?" किंवा "मुलाला कमी ऐकू येतं, अमुक विद्यापीठाचा अहवाल तर चांगला दिसतोय, पाठवू का?" चुकीच्या ठिकाणी पाठवलं तर पोराचं एक वर्ष जातं, कधी शिक्षणच सुटतं. म्हणून अहवाल वाचायला शिकणं गरजेचं आहे. त्यात काय लिहिलं आहे हे पाहायचं, आणि काय लिहायला हवं होतं हेही.

कायदा काय मोजायला सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संसदेत मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, स्नायूंचा क्षय, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातून झालेली हानी, हे सगळं त्यात आलं.

उच्च शिक्षणासाठी कलम ३२ सगळ्यांना ठाऊक असतं. सरकारी आणि अनुदानित संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव, आणि वयात पाच वर्षांची सवलत. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणित झालं आहे, त्यांच्यासाठी ही तरतूद आहे. वर्षाखेरीच्या अहवालात हाच आकडा सर्वांत वर असतो. इतक्या जागा, इतके प्रवेश.

त्याच कायद्याचं कलम १६ मात्र फार कमी लोक उघडून पाहतात. सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी काय करावं याची त्यात यादी आहे. भेदभाव न करता प्रवेश, इमारत आणि आवार सुगम्य करणं, प्रत्येकाच्या गरजेनुसार सोय करणं, अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना योग्य भाषेत, योग्य पद्धतीने शिकवणं. आणि त्या यादीत असंही म्हटलं आहे की प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षण पूर्ण होणं यावर लक्ष ठेवायचं.

'पूर्ण होणं' हे शब्द लक्षात ठेवा. समजा एका विद्यापीठाने सांगितलं की पदवीच्या पहिल्या वर्षाला आम्ही ४० दिव्यांग विद्यार्थी घेतले. छान. तीन वर्षांनी त्यातले किती पदवी घेऊन बाहेर पडले? पंचवीस? दहा? जे गेले ते का गेले? वसतिगृहातलं स्नानगृह वापरता आलं नाही म्हणून, पुस्तकं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून, की घरची ओढाताण? हे उत्तर अहवालात नसेल, तर त्या संस्थेने दारात किती लोक आले हे मोजलं. आत काय झालं ते कोणी पाहिलंच नाही. प्रवेशाचा आकडा खरा असूनही तो पालकांना निर्णयासाठी उपयोगी पडत नाही.

सुगम्यता वेगळी, वाजवी सोय वेगळी

या अहवालांमध्ये दोन गोष्टींची सरमिसळ होते. ती एकदा सोडवून घेऊ.

सुगम्यता म्हणजे आधीच करून ठेवलेली व्यवस्था. कोण येणार हे माहीत नसतानाही ती तयार असते. ग्रंथालयाला रॅम्प, लिफ्टमध्ये ब्रेल बटणं आणि आवाज, संकेतस्थळ स्क्रीन रीडरला वाचता येईल असं. ती सगळ्यांसाठी असते.

वाजवी सोय ही एका माणसाच्या गरजेपुरती असते, आणि त्याने मागितल्यावर द्यायची असते. एखाद्या विद्यार्थिनीची बोटं लिहिताना आखडतात, तिला लेखनिक हवा. एखाद्याला सकाळच्या औषधांमुळे आठच्या तासाला बसता येत नाही, त्याला दुसऱ्या तुकडीत बसू द्यायचं. संस्थेवर अवाजवी बोजा पडत नसेल तर ही सोय नाकारणं हा कायद्याने भेदभाव ठरतो.

४० टक्क्यांची अट वाजवी सोयीला लागू होते का? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात याचं उत्तर दिलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. न्यायालयाने सांगितलं की आरक्षणासाठी तो निकष असेल, पण वाजवी सोयीचा हक्क सर्व दिव्यांग व्यक्तींना आहे. आजही काही परीक्षा विभाग टक्का पाहूनच अर्ज परत करतात. तुमच्या बाबतीत असं झालं तर या निकालाचं नाव घ्या.

परीक्षेतला जादा वेळ हे दुसरं उदाहरण. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. २०२१ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. तिला लिहिण्यासंबंधीची अध्ययन अक्षमता होती आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हा तास मिळाला नव्हता. नियम कागदावर होता, परीक्षा केंद्रावर पोहोचलाच नव्हता. म्हणून 'आमच्याकडे जादा वेळाचं धोरण आहे' या वाक्यावर थांबू नका. गेल्या वर्षी किती जणांनी तो मागितला आणि किती जणांना मिळाला, हे विचारा.

सुगम्यतेतही असंच आहे. रॅम्पचंच घ्या. उताराचं सर्वसाधारण प्रमाण एकास बारा धरतात. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. दाराशी प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी ५.४ मीटर, साधारण १८ फूट. आता आठवा, तुम्ही पाहिलेल्या किती रॅम्पची लांबी १८ फूट होती? पुष्कळ ठिकाणी सहा फुटांत काम उरकलेलं असतं. त्या उतारावरून व्हीलचेअर एकट्याने चढत नाही, आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. अहवालात मात्र दोन्ही रॅम्प एकाच शब्दाने नोंदवलेले असतात. फोटोत तर दोन्ही सारखेच दिसतात.

हैदराबादचा एक अहवाल

विद्यापीठातल्या संस्थेने लिहिलेला अहवाल किती दूर जाऊ शकतो याचंही उदाहरण आपल्याकडे आहे.

राजीव रतूरी हे दृष्टिबाधित कार्यकर्ते. त्यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. रस्ते, वाहतूक, सार्वजनिक जागा आम्हाला सुरक्षितपणे वापरता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर २०१७मध्ये न्यायालयाने सरकारी इमारती, रेल्वे स्थानकं, विमानतळ, संकेतस्थळं यांबद्दल निर्देश दिले. पण अंमलबजावणी रेंगाळली. मग नोव्हेंबर २०२३मध्ये न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांग अभ्यास केंद्राला सांगितलं: देशात सुगम्यतेची स्थिती काय आहे, याचा अहवाल द्या.

केंद्राने जो अहवाल दिला त्याचं नाव 'फाइंडिंग सायझेस फॉर ऑल'. मराठीत म्हणायचं तर, सगळ्यांना होतील अशी मापं शोधताना. न्यायालयं, तुरुंग, शाळा, सार्वजनिक वाहतूक, सगळीकडची स्थिती त्यात आहे. पण अडथळ्यांची यादी देऊन तो थांबला नाही. हे अडथळे हटत का नाहीत, याचं कारण त्याने कायद्याच्या आतच दाखवलं.

कारण असं. अधिनियमाची कलमं ४०, ४४, ४५ आणि ४६ सक्तीची भाषा बोलतात. सरकारने मानकं ठरवावीत, ती पाळल्याशिवाय नवीन इमारतीला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, जुन्या सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सुगम्य कराव्यात. पण २०१७च्या नियमांमधल्या नियम १५ने जी मानकं आणली ती वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक पुस्तिका होत्या. त्यांची भाषा होती: असं केलं तर बरं, शक्य असेल तिथे करावं. कायदा म्हणतो 'करा', नियम म्हणतो 'जमलं तर पाहा'. अशा वेळी कोण कशाला करेल? आणि न केल्याबद्दल दंड तरी कोणत्या आधारावर लावणार?

८ नोव्हेंबर २०२४ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हे म्हणणं मान्य केलं. नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. शिफारशी वेगळ्या ठेवा, पण ज्याच्या खाली जाता येणार नाही अशा किमान अटी वेगळ्या काढून बंधनकारक करा, असा त्याचा अर्थ. नियम करताना दिव्यांग व्यक्ती आणि नालसारचं हे केंद्र यांच्याशी सल्लामसलत करावी, असंही सांगितलं. आणि या कामाबद्दल केंद्राला ५० लाख रुपये द्यावेत असाही आदेश दिला. मला हा आदेश महत्त्वाचा वाटतो. दिव्यांगांसाठीचं काम म्हणजे फुकटची समाजसेवा, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. अभ्यासाला वेळ लागतो, माणसं लागतात, पैसा लागतो.

हा अहवाल आणि नेहमीचा वर्षाखेरीचा अहवाल यांत फरक काय? नेहमीचा अहवाल 'आम्ही काय केलं' ते सांगतो. या अहवालाने 'काय होत नाही आणि का होत नाही' ते सांगितलं. प्रत्येक विद्यापीठाने सर्वोच्च न्यायालयासाठी लिहावं असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या आवाराबद्दल एवढा प्रामाणिकपणा कोणत्याही संस्थेला जमण्यासारखा आहे.

अहवाल स्वतः वाचता येतो का?

आता माझ्या कानाशी संबंधित मुद्दा. दिव्यांग समावेशनाचे अनेक अहवाल दिव्यांगांना वाचता येत नाहीत. मराठीत ही अडचण जास्त आहे.

एक प्रकार म्हणजे छापील पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरला त्यात अक्षरं सापडत नाहीत, फक्त चित्र. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'भारत' हा शब्द माझा स्क्रीन रीडर एच, के, के, जे, आर असा वाचतो. असा चाळीस पानांचा अहवाल ऐकून पाहा. एका विद्यापीठाने समावेशनाच्या कामाचा सविस्तर अहवाल मला आवर्जून पाठवला होता. तो असाच होता. पहिल्या पानावरचं विद्यापीठाचं नावदेखील मला कळलं नाही.

यावरचा उपाय साधा आहे: युनिकोड. त्यात 'भ' म्हणजे 'भ'च साठवला जातो. मग एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडरही मराठी व्यवस्थित वाचतो. मथळ्यांना मथळ्याची शैली द्यायची, चित्राखाली दोन ओळींचं वर्णन द्यायचं, तक्ते चित्र म्हणून न टाकता तक्ते म्हणून टाकायचे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला एक दिवस शिकवावं लागतं.

पुस्तकांचंही तेच. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने दिव्यांगांसाठी पुस्तकं सुगम्य रूपात आणायला मुभा दिली. त्याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ साली जगातला पहिला देश ठरला. २०१६पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आहे. तरी मराठी माध्यमातल्या अंध विद्यार्थ्याला संदर्भग्रंथ हवा असेल तर अजूनही कोणा मैत्रिणीला तो वाचून ध्वनिमुद्रित करायला सांगावा लागतो. ग्रंथालयाने गेल्या वर्षी किती पुस्तकं सुगम्य रूपात दिली आणि मागणीनंतर किती दिवसांत दिली, हा आकडा मला एकाही मराठी अहवालात आजवर ऐकायला मिळालेला नाही.

प्रवेश अर्ज, शुल्क, निकाल, सगळं आता पोर्टलवर आहे. त्यात वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा आला की मी तिथेच अडकते. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ओळख पडताळणीचं होतं, पण तत्त्व विद्यापीठाच्या पोर्टललाही लागू पडतं.

'तुला जमणार नाही' हे कोण ठरवतं?

काही विद्यार्थी अहवालात कधीच दिसत नाहीत, कारण त्यांना दारातूनच परत पाठवलेलं असतं.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रंगांधळेपणामुळे कोणत्याही अभ्यासक्रमाचं दार बंद करू नये, उलट अभ्यासक्रमात योग्य ते बदल करावेत. रंगसंस्काराचा भाग ऐच्छिक करता येतो. संकलक म्हणून काम करायला तो प्रत्येकाला लागतोच असं नाही.

१५ ऑक्टोबर २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या प्रकरणात, वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाबद्दल सर्वोच्च न्यायालय म्हणालं की केवळ टक्केवारी पाहून अपात्र ठरवता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासून सांगायला हवं.

या दोन्ही प्रकरणांत मुलांना न्यायालयाची पायरी चढायला लागली आणि ती चढण्याची ताकद त्यांच्याकडे होती. जे विद्यार्थी अर्ज नाकारल्यावर घरी गेले, त्यांची नोंद कुठे आहे?

पाच प्रश्न

तर पुढच्या वेळी एखाद्या संस्थेचा अहवाल हातात आला, की हे पाच प्रश्न विचारा.

१. तीन किंवा चार वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी शिक्षण पूर्ण केलं? कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचे किती?

२. वाजवी सोयीचे किती अर्ज आले, किती मान्य झाले, किती दिवसांत? नाकारले तर लेखी कारण दिलं का?

३. इमारतीची तपासणी कोणी केली? त्यात व्हीलचेअर वापरणारी, न दिसणारी, न ऐकणारी माणसं होती का? मोजमापं नोंदवली आहेत का? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मानकं काढली आहेत, त्यांच्याशी ती ताडून पाहिली का?

४. पुस्तकं, पोर्टल आणि हा अहवाल स्वतः स्क्रीन रीडरला वाचता येतो का? कार्यक्रमांना सांकेतिक भाषेचा दुभाषी होता का?

५. काय राहिलं, आणि ते पुढच्या वर्षी कोण करणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर देणारी संस्था मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. ज्या अहवालात एकही उणीव नाही, त्या संस्थेत मुलाला पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या.

उत्तरं मिळाली नाहीत तर? कलम २१नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं असतं, ते मागा. कलम २३नुसार सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असतो आणि तक्रार नोंदवल्यावर दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. प्रत्येक राज्यात हे पद आहे, त्यामुळे तुम्ही महाराष्ट्राबाहेर असलात तरी वाट तीच. सरकारी विद्यापीठ असेल तर माहितीच्या अधिकारातही हे पाचही प्रश्न विचारता येतात. अर्ज साध्या मराठीत, किंवा तुमच्या राज्याच्या भाषेत, एका पानात लिहा.

मला फोन करणाऱ्या पालकांना मी आता कॉलेजचं नाव सांगत नाही. हे पाच प्रश्न सांगते आणि म्हणते, उत्तरं आली की पुन्हा फोन करा. काहींचे फोन येतात. काही संस्थांनी पालकांच्या पत्रानंतर पहिल्यांदा ही माहिती गोळा केली, असंही कळलं. मागणारं कोणी असलं की मोजणी सुरू होते.

पुढच्या भागात आपण लेखनिक कसा मिळवायचा, त्याचा अर्ज कसा भरायचा आणि परीक्षेच्या दिवशी काय काळजी घ्यायची, ते पाहू. तोवर तुमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्यापर्यंत हे पाच प्रश्न पोहोचवा.